विश्लेषण: पोकेमॉन गेम ‘अवघड’ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? चाहत्यांच्या ‘रॉम हॅक’मागचं डिझाइन समजून घ्या

२१ डिसेंबर २०१६. ‘पोकेमॉन प्रिझम’ प्रसिद्ध व्हायला चार दिवस उरले होते. आठ वर्षं खपून तयार केलेला हा गेम ख्रिसमसला सगळ्यांना फुकट द्यायचा, असं त्याच्या निर्मात्याने ठरवलं होतं. चाहत्यांमध्ये तो ‘कूलबॉयमन’ या टोपणनावाने ओळखला जातो. पण गेमच्या आधी निन्टेंडोच्या ऑस्ट्रेलियातल्या वकिलांचं पत्र येऊन धडकलं. काम थांबवा, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्याने थांबवलं. पण काही दिवसांतच एका अनामिक गटाने तो गेम इंटरनेटवर टाकून दिला आणि जे थांबवायचं होतं ते जगभर पसरलं.

‘प्रिझम’ हा कोणत्याही कंपनीने काढलेला गेम नव्हता. जुन्या ‘पोकेमॉन क्रिस्टल’मध्ये फेरफार करून एका चाहत्याने तो उभा केला होता. अशा गेमना ‘रॉम हॅक’ म्हणतात. त्या पत्रानंतर हे प्रकार बंद पडायला हवे होते. उलट ते वाढले. ‘रॅडिकल रेड’, ‘अनबाउंड’, ‘रन अँड बन’, ‘रेनेगेड प्लॅटिनम’ ही नावं आज पोकेमॉन खेळणाऱ्यांमध्ये अधिकृत गेमच्या बरोबरीने घेतली जातात. यूट्यूबवर त्यांचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ आहेत आणि ते पाहणाऱ्यांमध्ये भारतीय मुलंही आहेत.

हे हॅक बनवणारे लोक पैसे मिळत नसताना, वर वकिलाच्या पत्राची टांगती तलवार असताना, वीस वर्षांपूर्वीच्या गेममध्ये वर्षानुवर्षं काय बदलत बसतात? ‘गेम अवघड करतात’ हे त्याचं नेहमीचं उत्तर. ते अर्धंच खरं आहे.

आधी हे ‘रॉम हॅक’ म्हणजे काय?

यातल्या ‘हॅक’चा बँक खातं रिकामं करण्याशी काही संबंध नाही. जुन्या गेम बॉयमध्ये प्लॅस्टिकची कॅसेट घालून गेम खेळायचे. त्या कॅसेटमधल्या चिपवरचा सगळा मजकूर कॉम्प्युटरवर उतरवला की तयार होते ती ‘रॉम’ फाइल. ती उघडून आतले आकडे, चित्रं, संवाद, नकाशे बदलायचे, हेच ‘हॅक’. फायली आजच्या मानाने अगदीच किरकोळ आहेत. २००४ च्या ‘पोकेमॉन फायररेड’ची फाइल १६ एमबीची आहे. व्हॉट्सॲपवर येणारे लग्नाचे व्हिडिओ त्याहून मोठे असतात.

हॅक बनवणारे सहसा अख्खा गेम वाटत नाहीत. ते फक्त ‘पॅच’ देतात. छापील पुस्तक न देता नुसतं शुद्धिपत्र द्यावं, तसं. मूळ पुस्तक तुमच्याकडे असेल तर शुद्धिपत्राचा उपयोग, नसेल तर तो कागद निरर्थक. यामागे कायद्याचा विचार आहे. पॅचमध्ये निन्टेंडोचा माल नाही, आमचीच भर आहे, असं म्हणता यावं म्हणून ही तजवीज. प्रत्यक्षात बहुतेक जण मूळ रॉमही कुठून तरी फुकट उतरवून घेतात आणि तो सरळसरळ कॉपीराइटचा भंग आहे.

याचाच एक चुलतभाऊ म्हणजे ‘फॅन गेम’. त्यात जुनी फाइल वापरत नाहीत. ‘आरपीजी मेकर’सारख्या सॉफ्टवेअरवर पोकेमॉनच्या धाटणीचा नवा गेम पहिल्यापासून बांधतात. ‘युरेनियम’, ‘रीबॉर्न’, ‘इन्फिनिट फ्यूजन’ हे या प्रकारातले. खेळणारे दोन्हींत फारसा फरक करत नाहीत, पण बनवणाऱ्यांसाठी तो मोठा आहे. एकाला जुन्या वाड्याची डागडुजी करायची आहे, दुसऱ्याला मोकळ्या प्लॉटवर बांधायचं आहे.

मूळ गेममध्ये असं काय खटकतं?

पोकेमॉनचे पहिले गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आले. ते मुलांसाठी होते आणि मुलांना जमेल इतपतच अवघड होते. पहिला जिम लीडर ब्रॉक. त्याच्याकडे दोनच पोकेमॉन: लेव्हल १२ चा जिओड्यूड आणि लेव्हल १४ चा ओनिक्स. दगडाच्या पोकेमॉनचा हा उस्ताद, पण पहिल्या गेममध्ये त्याच्या ओनिक्सला दगडाची एकही मूव्ह येत नाही. पुढची मिस्टी. तिच्याकडेही दोनच. खेळणाऱ्याकडे मात्र सहाची टीम आणि पिशवीभर औषधं.

समोरच्याची अक्कलही बेतास बात. ‘रेड’ आणि ‘ब्लू’मधला शेवटच्या टप्प्यातला बलाढ्य लान्स घ्या. त्याच्या ड्रॅगनाइटसमोर विषारी टाइपचा एखादा फडतूस पोकेमॉन उभा केला, तर ड्रॅगनाइट हल्ला करायचं सोडून ‘ॲजिलिटी’ आणि ‘बॅरियर’ करत बसतो. कारण असं की, समोरच्याच्या टाइपवर भारी पडणारी मूव्ह निवड, एवढंच त्याला शिकवलेलं. या दोन्ही मूव्ह सायकिक टाइपच्या, आणि सायकिक विषावर भारी. त्या मूव्हने मार बसतच नाही, फक्त स्वतःचा वेग किंवा बचाव वाढतो, हे बघायची सोय कोडमध्ये नाही. बिचारा लान्स वेग आणि बचाव वाढवत वाढवत हरतो.

पुढच्या गेममध्ये अशा चुका कमी झाल्या, पण वेगळ्या आल्या. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये फ्लिंट नावाचा आगीच्या पोकेमॉनचा उस्ताद आहे. पण त्या प्रदेशात कथा संपेपर्यंत आगीच्या पोकेमॉनची दोनच घराणी: चिमचारचं आणि पोनीटाचं. मग फ्लिंटच्या पाचांपैकी तीन जागा स्टीलिक्स, लोपनी आणि ड्रिफ्ब्लिम यांनी भरल्या. तिघांपैकी एकही आगीचा नाही. मिसळ मागवल्यावर पोह्यांवर तर्री ओतून मिळावी, तशी ही गत. फायर टाइप आवडणाऱ्या मुलाने चिमचार निवडला नसेल, तर त्याला पोनीटाशिवाय पर्यायच नव्हता.

आणखी एक उदाहरण जरा तांत्रिक आहे, पण हॅकची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. पोकेमॉनचे हल्ले दोन प्रकारचे: अंगमेहनतीचे ‘फिजिकल’ आणि शक्तीचे ‘स्पेशल’. २००६ पर्यंत हल्ला कोणत्या प्रकारचा हे त्याच्या टाइपवरून ठरायचं. डार्क टाइपची मूव्ह म्हणजे स्पेशल, मग तो करकचून घेतलेला चावा का असेना. यात स्नीझलचं वाटोळं झालं. त्याची फिजिकल ताकद ९५, स्पेशल फक्त ३५. तो डार्क आणि आइस टाइपचा, आणि हे दोन्ही टाइप स्पेशल. म्हणजे स्वतःच्या टाइपची कोणतीही मूव्ह वापरली, तरी हिशेब ३५ चाच. ‘डायमंड-पर्ल’ने प्रत्येक मूव्हचा प्रकार स्वतंत्र केला आणि हा घोळ मिटला. त्याआधीच्या ‘फायररेड’ किंवा ‘एमराल्ड’वर आज हॅक करणारे जवळपास सगळे जण पहिलं काम म्हणून ही दुरुस्ती मागे नेऊन बसवतात.

हॅक बनवणाऱ्यांचा दृष्टिकोन इथे दिसतो. त्यांना गेम आवडत नाही असं नाही. तो इतक्या वेळा खेळलेला असतो की त्याच्या शिवणी उसवलेल्या दिसायला लागतात.

अवघड करायचं, पण वेळखाऊ करायचं का?

पोकेमॉनच्या डिझाइनमध्ये एक सुरक्षा झडप पहिल्यापासून आहे: लेव्हल. जिम लीडर हरवता येत नसेल तर गवतात जा, तासभर जंगली पोकेमॉन मारा, लेव्हल वाढवा आणि परत या. याला ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. डोकं न वापरता निव्वळ वेळ घालून कोणतीही अडचण पार करता येते. आठ वर्षांच्या मुलासाठी ही चांगली सोय आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे वेळच वेळ असतो.

सुरुवातीच्या अनेक हॅकनी अवघड करण्याचा सोपा मार्ग धरला. समोरच्यांच्या लेव्हल वाढवून ठेवल्या. ब्रॉकचा ओनिक्स १४ ऐवजी २० चा. याने गेम अवघड झाला का? झाला तो लांब. खेळणाऱ्याने तेवढा जास्त वेळ गवतात काढला आणि मग पूर्वीसारखाच जिंकला. डिझाइन म्हणून हा बदल फसलेला आहे आणि ते समजायला हॅक बनवणाऱ्यांनाही काही वर्षं लागली.

आजच्या गाजलेल्या हॅकनी हा प्रश्न उलटा सोडवला आहे. ते ‘लेव्हल कॅप’ लावतात. पुढच्या जिम लीडरच्या सर्वांत ताकदवान पोकेमॉनची जी लेव्हल, तिच्यापुढे तुमचा पोकेमॉन जाऊच शकत नाही. त्याच वेळी त्या मर्यादेपर्यंत पोहोचणं मात्र अगदी सोपं ठेवलेलं असतं. काही हॅकमध्ये तर लेव्हल वाढवणारी ‘रेअर कँडी’ हवी तेवढी मिळते. म्हणजे गवतातली मजुरी संपली आणि तिचा फायदाही संपला.

झडप बंद केली की जबाबदारी येते. समजा तुम्ही हरलात आणि लेव्हल वाढवायची सोय नाही. मग जिंकण्यासाठी काय बदलणार? दुसरे पोकेमॉन, दुसऱ्या मूव्ह, दुसरी वस्तू. ते तुमच्या हाताशी असायला हवेत, नाहीतर तो अन्याय झाला. म्हणून अशा हॅकमध्ये सुरुवातीच्या रस्त्यांवरच पोकेमॉनची भरपूर विविधता असते, विसरलेल्या मूव्ह परत शिकवणारे लोक गावोगावी उभे असतात आणि पोकेमॉनचा स्वभाव बदलायची सोय लवकर मिळते. हे सगळं एकाच निर्णयाच्या पोटातून आलेलं आहे. लेव्हल कॅप ठेवून बाकीची सोय विसरलेला हॅक खेळणं म्हणजे पुस्तकं न देता परीक्षा घेण्यासारखं आहे, आणि असे हॅक चिक्कार आहेत.

पोकेमॉनचे छुपे आकडे हा याच हिशेबाचा पुढचा भाग. प्रत्येक पोकेमॉनला जन्मतः सहा गुणांत ० ते ३१ मधला एकेक आकडा मिळतो, त्याला ‘आयव्ही’ म्हणतात. त्यावर मेहनतीने मिळवायचे ‘ईव्ही’ असतात, इलेक्ट्रिक गाडीशी त्यांचा संबंध नाही. एक जंगली पोकेमॉन हरवला की १ ते ३ ईव्ही मिळतात आणि एका गुणात पूर्ण फायदा घ्यायला २५२ लागतात. म्हणजे सहा पोकेमॉनची टीम नीट तयार करायला शेकडो सारख्याच लढाया. ‘रॅडिकल रेड’ने यावर ‘मिनिमल ग्राइंडिंग’ नावाचा पर्याय दिला: हा हिशेबच नको असेल त्यांनी तो बाजूला ठेवून खेळावं. सर्वांत अवघड म्हणून ख्याती असलेल्या हॅकपैकी एकाने कष्ट कमी करण्याचा पर्याय द्यावा, हे वरकरणी विसंगत वाटतं. पण निर्मात्याला खेळणाऱ्याची सहनशक्ती तपासायची नाही, डोकं तपासायचं आहे, हे कळलं की ते बरोबर बसतं.

आणि अधिकृत गेम कुठे चाललेत?

उलट दिशेला. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये सगळ्या टीमला अनुभव वाटून देणारा ‘एक्स्प शेअर’ आला, पण तो बंद करता येत होता. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये बंद करायची सोय गेली. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ने आणखी एक पर्याय काढला. पूर्वी सेटिंगमध्ये ‘सेट’ मोड असायचा. तो निवडला की समोरचा पोकेमॉन पडल्यावर तुम्हाला आपला पोकेमॉन फुकटात बदलायची संधी मिळत नसे. जरा अवघड खेळू इच्छिणाऱ्यांसाठी कंपनीने दिलेली ती मोजक्या सोयींपैकी एक होती. बहुतेक अवघड हॅक नेमका हाच मोड सक्तीचा करतात.

कंपनीची बाजूही समजण्यासारखी आहे. दरवर्षी पोकेमॉन पहिल्यांदाच खेळणारी मुलं येतात आणि गेम त्यांच्यासाठीच आहे. गेल्या तीस वर्षांत मोठे झालेले खेळाडू मात्र त्याच दाराशी उभे आहेत. त्यांच्यासाठी वेगळी ‘अवघड’ पातळी ठेवणं अशक्य नाही. ‘अनबाउंड’ या हॅकमध्ये ‘व्हॅनिला’पासून ‘इन्सेन’पर्यंत चार पातळ्या आहेत. हे काम हौशी माणसांनी फावल्या वेळात केलं आहे, हे लक्षात घेतलं की कंपनीकडे वेळ नसेल हा बचाव लंगडा पडतो.

मात्र चाहते जे आधी करतात ते कंपनी नंतर करते, असंही काही बाबतीत दिसतं. त्यातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘ट्रेड’ करून इव्हॉल्व्ह होणारे पोकेमॉन.

अलकझाम न मिळालेली पिढी

कडॅब्राचा अलकझाम, हॉन्टरचा गेंगार, मशोकचा मशँप. मूळ गेममध्ये हे बदल घडवायचे तर पोकेमॉन मित्राला केबलने पाठवावा लागतो. यामागे विचार होता. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता आणि दोन गेम बॉय जोडणाऱ्या केबलमधून असे जीव इकडून तिकडे जातील, ही त्यांची कल्पना होती. मुलांनी एकमेकांना भेटावं, देवाणघेवाण करावी म्हणूनच प्रत्येक गेमच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीतून काही पोकेमॉन मुद्दाम गाळले गेले.

आता ही कल्पना भारतात आणून पाहा. इथल्या मुलांना पोकेमॉन भेटला तो कार्टून नेटवर्कवर. गेम बॉय कुणाकडे? निन्टेंडोची उपकरणं भारतात कधी सर्रास मिळाली नाहीत. परदेशातून आलेल्या नातेवाइकाने आणलं तर, नाहीतर पालिका बाजारसारख्या ठिकाणी दुप्पट भावाने. बहुतेकांनी हे गेम सायबर कॅफेतल्या किंवा घरच्या कॉम्प्युटरवर आणि पुढे अँड्रॉइड फोनवर एम्युलेटर टाकून खेळले. एम्युलेटरवर एकट्याने खेळणाऱ्याने केबल कशाला जोडायची? ॲश केचमचा अख्खा प्रवास पाठ असलेल्या या पिढीने कडॅब्रा शेवटपर्यंत कडॅब्राच ठेवला.

हॅकनी हा अडसर काढला. ठरावीक लेव्हल गाठली की किंवा एखादी वस्तू वापरली की कडॅब्रा एकट्यानेच इव्हॉल्व्ह होतो. अनेक वर्षं हॅकमध्ये हे गृहीतच होतं. मग जानेवारी २०२२ मध्ये ‘लेजेंड्स: आर्सियस’ हा अधिकृत गेम आला आणि त्यात ‘लिंकिंग कॉर्ड’ नावाची वस्तू होती. ती वापरली की ट्रेड न करता इव्हॉल्व्ह. ‘एचएम’चंही असंच झालं. झाड कापायला, पाण्यावरून जायला एका पोकेमॉनला ती ती मूव्ह शिकवावी लागायची आणि टीममधली एक जागा अशा हमालाला द्यावी लागायची. ‘सन’ आणि ‘मून’ने २०१६ मध्ये ते संपवलं. जुन्या गेमवरचे हॅकही त्यावर आपापले उपाय काढत होते.

कंपनीने चाहत्यांची नक्कल केली, असं म्हणायला पुरावा नाही आणि तशी गरजही नाही. एकच गैरसोय लाखो लोकांना खटकत असेल तर उत्तरं सारखी निघणारच. पण ट्रेड काढून टाकताना ताजिरींचा मूळ हेतूही थोडा निघून गेला, हेही मान्य करायला हवं. हॅक हा एकट्याने खेळायचा गेम आहे.

सगळे पोकेमॉन उपलब्ध, मग निवड वाढली का?

‘ड्रेयानो’ या टोपणनावाने हॅक बनवणाऱ्याचं काम या चर्चेत सतत येतं. २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये कथा संपेपर्यंत फक्त १५६ नवे पोकेमॉन भेटायचे. त्याच्या ‘ब्लेझ ब्लॅक’ आणि ‘व्होल्ट व्हाइट’ने तोपर्यंतचे सगळे ६४९ पोकेमॉन एका गेममध्ये आणले. शिवाय दुर्लक्षित पोकेमॉनची ताकद वाढवली, काहींचे टाइप बदलले. लक्सरेला डार्क टाइप देणं, फ्लायगॉनला बग टाइप देणं अशा चाहत्यांच्या जुन्या मागण्या हॅकमध्ये पूर्ण होताना दिसतात. पण मूळ रूपच हवं असणारेही असतात. त्यांच्यासाठी ड्रेयानोने आकडे आणि टाइप न बदललेली वेगळी आवृत्तीही ठेवली. बनवणाऱ्याने स्वतःच्या आवडीला दिलेली ही चांगली शिस्त आहे.

इथून पुढे मामला गुंतागुंतीचा होतो, आणि त्याला कारण ‘न्यूझलॉक’.

२०१० मध्ये निक फ्रँको याने ‘पोकेमॉन रुबी’ खेळताना स्वतःवर दोन नियम घालून घेतले. पोकेमॉन बेशुद्ध पडला की तो मेला, परत वापरायचा नाही. प्रत्येक भागात पहिला जो भेटेल तोच पकडायचा. त्याने या प्रवासाचं कॉमिक काढलं आणि त्यातून हा खेळप्रकार जगभर पसरला. या दोन नियमांनी मुलांच्या गेममध्ये मरणाची भीती आणली. लाडका पोकेमॉन गेला की लोक खरोखर हळहळतात.

पुढे स्ट्रीमर मंडळींनी न्यूझलॉक इतका सराईतपणे खेळायला सुरुवात केली की मूळ गेम त्यांना पुरेनात. मग त्यांना पुरतील असे हॅक बनू लागले. ‘एमराल्ड’वर आधारलेला ‘रन अँड बन’ हे त्याचं टोक. अशा हॅकसोबत निर्माते कागदपत्रं देतात: कोणत्या ट्रेनरकडे कोणते पोकेमॉन, कोणत्या मूव्ह, कोणत्या वस्तू. सोबत ‘डॅमेज कॅल्क्युलेटर’ असतो. आपला हल्ला समोरच्याला किती लागेल आणि त्याचा आपल्याला किती, हे लढाईआधीच मोजायचं. एका जिमसाठी तास-दीड तास नियोजन आणि मग दहा मिनिटांची लढाई.

याला बुद्धिबळाची तयारी म्हणा किंवा जीएसटीचं रिटर्न. दोन्ही बाजू आहेत. पारदर्शकतेच्या बाजूने मुद्दा असा की, चूक केली की पोकेमॉन कायमचा जाणार असेल तर खेळणाऱ्याला माहिती मिळायलाच हवी. नाहीतर हरणं हा निव्वळ नशिबाचा भाग होतो. पण याची किंमत आहे. सगळे पोकेमॉन उपलब्ध करून दिले आणि समोरचा प्रत्येक जण सहाच्या कसलेल्या टीमने उभा केला की उपलब्ध शेकडोंपैकी उपयोगी मोजकेच उरतात. मूळ गेममध्ये तुम्ही केवळ आवडतो म्हणून बीड्रिल घेऊन शेवटपर्यंत जाऊ शकत होता. अतिअवघड हॅकमध्ये आवडीला जागा नसते. तिथे गणित सांगेल तो पोकेमॉन घ्यायचा.

पोकेमॉनच्या यशाच्या मुळाशी ‘हा माझा’ ही भावना आहे. ती काढून उरतो तो एक उत्तम पण कोरडा डावपेचांचा खेळ. म्हणूनच वेगवेगळ्या पातळ्या देणारे हॅक अधिक समंजस वाटतात. ज्याला बीड्रिल हवा त्याने बीड्रिल घ्यावा, ज्याला कॅल्क्युलेटर हवा त्याने तो उघडावा. ‘रॅडिकल रेड’नेही पुढे सोपा मोड जोडला, यात पुष्कळ काही आलं.

सगळे हॅक सारखेच का वाटू लागलेत?

याचं उत्तर हत्यारांमध्ये आहे. पूर्वी ‘फायररेड’मध्ये बदल करायचा म्हणजे फाइलमधली रिकामी जागा शोधायची, तिथे नवा मजकूर ठेवायचा आणि जुन्या पत्त्यांऐवजी नवा पत्ता लिहायचा. एक पत्ता चुकला की गेम बंद. त्यामुळे जे करायचं ते निवडून करावं लागे. नंतर ‘प्रेट’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ‘रेड’, ‘क्रिस्टल’, ‘एमराल्ड’ असे गेम उलगडून माणसाला वाचता येईल असा कोड तयार केला. ‘एमराल्ड’चा तर सी भाषेतला कोड आहे, त्यातून हुबेहूब मूळ गेम बनवता येतो. त्यावर दुसऱ्या चाहत्यांनी नव्या पिढ्यांचे पोकेमॉन, मूव्ह आणि सोयी जोडून ठेवल्या. आता फिजिकल-स्पेशलची दुरुस्ती करायला आठवडे लागत नाहीत, ती आयती मिळते.

सोय झाली, पण त्याबरोबर एकसारखेपणा आला. जे तयार मिळतं ते सगळेच घेतात. मेगा इव्हॉल्यूशन, सगळ्या पिढ्यांचे पोकेमॉन, तेच मेनू. अशा वेळी ‘इन्फिनिट फ्यूजन’सारखी एकच वेडी कल्पना घेऊन तिच्यामागे लागलेले प्रकल्प उठून दिसतात. कोणतेही दोन पोकेमॉन जोडून तिसरा बनवायचा, डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं. पहिल्या १५१ पोकेमॉनपुरतं गणित केलं तरी २२,८०१ जोड्या होतात. त्यांची चित्रं काढायला चाहत्यांची फौजच लागली. ‘रीबॉर्न’ने १८ टाइपच्या १८ जिम ठेवल्या आणि लढाईच्या जागेनुसार नियम बदलण्याची पद्धत आणली. या गेमना ‘फायररेड’ची भिंत नव्हती, हे इथे महत्त्वाचं.

वकिलाचं पत्र कुणाला येतं?

ऑगस्ट २०१६ मध्ये ‘पोकेमॉन युरेनियम’ प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांचं काम, दीडशेहून अधिक स्वतः रचलेले पोकेमॉन आणि ‘न्यूक्लियर’ नावाचा नवा टाइप. जवळपास सगळ्यांवर भारी आणि जवळपास सगळ्यांपुढे कमजोर असा तो टाइप अणुभट्टीच्या अपघाताच्या कथेत चपखल बसला होता. दीड लाख नव्हे, १५ लाख डाउनलोड झाले. मग निन्टेंडो ऑफ अमेरिकाच्या वकिलांच्या नोटिसा डाउनलोड ठेवणाऱ्या साइटना गेल्या. निर्मात्यांनी दुवे काढले आणि पुढच्या महिन्यात काम थांबवलं. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या चाहत्यांच्या निर्मितीसाठीच्या नामांकनांत ‘युरेनियम’चं नाव आलं आणि गाजावाजा न होता गळलंही. २०१८ मध्ये तर ‘पोकेमॉन इसेन्शियल्स’वर गदा आली. तो गेम नव्हताच. ‘आरपीजी मेकर’वर असे गेम बांधण्याचं ते साहित्य होतं.

मग इतके हॅक उघडपणे कसे चालू आहेत? पोकेमॉन कंपनीचे माजी मुख्य कायदेविषयक अधिकारी डॉन मॅकगोवन यांनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत दिलेलं स्पष्टीकरण असं: चाहत्याचा प्रकल्प दिसला की लगेच नोटीस जात नाही, लोकवर्गणीसारख्या मार्गाने त्यात पैसा येतो का ते पाहिलं जातं, आणि चाहत्यांवर खटले भरायला कुणालाच आवडत नाही. पण ‘प्रिझम’ आणि ‘युरेनियम’ दोन्ही फुकट होते, तेव्हा पैसा हा एकमेव निकष मानता येत नाही. दोन्हींत साधर्म्य होतं ते प्रसिद्धीचं. बातम्यांत आले आणि पत्र आलं.

निर्मात्यांनी यातून आपापले धडे घेतले आहेत. गेम पूर्ण होईपर्यंत फार बोलायचं नाही. ट्रेलरचा धुमधडाका टाळायचा. गेमच्या नावाने पैसे मागायचे नाहीत. अख्खा गेम न देता पॅच द्यायचा. मोठी, स्वतंत्र, नवी कथा सांगणारा प्रकल्प जास्त नजरेत येतो, जुन्याच गेमचा अवघड अवतार कमी. ओळखीच्या प्रदेशात ओळखीच्या ब्रॉकलाच अधिक हुशार करणारे हॅक इतके का आहेत, याचं एक कारण इथेही शोधायला हरकत नाही. आठ-नऊ वर्षांचं काम एका पत्रावर पणाला लावण्याची तयारी थोड्यांचीच असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने ‘पालवर्ल्ड’ बनवणाऱ्या पॉकेटपेअरवर टोकियोच्या न्यायालयात दावा ठोकला, तो कॉपीराइटचा नव्हता, पेटंटचा होता. म्हणजे चित्र किंवा नाव न उचलता केवळ खेळण्याची पद्धत सारखी असली तरी वाद होऊ शकतो. ‘पालवर्ल्ड’ विकायला ठेवलेला गेम आहे आणि त्याच्यामागे कंपनी आहे, लढायला वकील आहेत. फावल्या वेळात हॅक बनवणाऱ्या मुलामागे यातलं काहीच नसतं. त्याला पत्र आलं तर ‘कूलबॉयमन’ने जे केलं तेच तोही करील.